गारंबीचा डाव

भिंगार,
२० एप्रिल २०२४

चि. वृषालीस,
मामाआजोबांचा सप्रेम जयभीम.

आधी तक्रार. मोबाईलवर तू जे दीड ओळीचं पाठवतेस, त्याला मी पत्र मानत नाही. अंगठाच वापरायचा होता, तर तुझ्या पणजोबांनी घरात पाटी आणलीच कशाला? तेव्हा आपला करार लक्षात ठेव. कागदावर, पेनानं, तारीख घालून लिहायचं. मग त्याचा फोटो काढून खुशाल पाठव.

आता आनंदाची गोष्ट. तू सिएम रीपहून पाठवलेला तिथल्या नववर्षाचा व्हिडिओ काल माझ्या प्रवीणनं टीव्हीवर लावला. विहाराचं आवार, गळ्यात चौकडीचे पंचे घातलेली माणसं उकिडवी बसलेली, समोर मातीत काहीतरी रोवलेलं, आणि एक म्हातारी डोळा बारीक करून नेम धरतेय. तिच्या हातातली वस्तू दिसली आणि मी ओरडलो, "थांबव! गारंबी!" सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, मला काहीतरी चावलं.

अगं, माझ्या नोकरीची पहिली अकरा वर्षं भंडारदऱ्याकडच्या शाळेत गेली. तिथल्या रानात गारंबीचा वेल झाडाझाडांवर चढलेला असायचा. दोन-दोन हात लांब शेंगा, आणि आत चॉकलेटी, गुळगुळीत, जुन्या रुपयाच्या दुप्पट बिया. पोरं ती बी फरशीवर घासून तापवायची आणि कवितेच्या तासाला पुढच्याच्या मानेला लावायची. मी डोळे मिटून नदीचं वर्णन म्हणत असायचो आणि मधेच कुणीतरी "आई गं!" करायचा. कितीतरी दिवस मी समजत होतो, माझ्या वाचनानं पोरं व्याकूळ होतात.

तर मुद्दा असा. २३ मेला बुद्धपौर्णिमा. केडगावच्या आपल्या विहारात दरवर्षी तीच रांगोळी आणि तीच संगीत खुर्ची. यंदा मी मंडळाला म्हटलं, कंबोडियासारख्या दूरच्या बौद्ध देशातले सणाचे खेळ खेळू या. आमची नात तिथे जुन्या देवळांच्या दुरुस्तीवर इंजिनियर आहे, ती नियम कळवील. सगळ्यांना पटलं. पुरुषांच्या संघाचा प्रमुख मी. बायकांच्या संघाची प्रमुख तुझी आजी. हे मी सुचवलेलं नाही. (सुचवलं.)

तुला ठाऊकच आहे, विमल पाच वर्षं माझ्याशी बोलत नाही. २०१९ च्या जयंतीला ती स्वतः रचलेलं गाणं म्हणत होती, वेळ पाहायला मी टेबलाशी होतो, आणि मी घंटा वाजवली. तेव्हापासून भिंगार ते केडगाव हे अंतर नऊ किलोमीटरचं राहिलेलं नाही. ती विहारात मंगळवारी जाते, कारण मी रविवारी जातो. मला सत्त्याहत्तर लागलं, तिला त्र्याहत्तर. मला तिच्याकडून एकदा "दादा" ऐकायचं आहे, बास. मैदानात समोरासमोर उभं राहिल्यावर काहीतरी बोलावंच लागेल की नाही?

नियम सविस्तर कळव. हे पत्र आजीला दाखवू नकोस.

तुझा,
जालिंदर मामाआजोबा


सिएम रीप,
२४ एप्रिल २०२४

ती. मामाआजोबांस,
सविनय जयभीम.

करार मान्य. वहीचं पान फाडून लिहितेय. माझ्याकडे कामावरचे इथले ख्मेर सहकारी जमलेत आणि मी हातानं लिहितेय हे बघायला उभे आहेत. एकीनं विचारलं, "तुझा मोबाईल बिघडला का?" म्हटलं, "नाही, माझे आजोबा मास्तर आहेत." तिला लगेच समजलं.

इथे नववर्ष एप्रिलच्या मध्यात, म्हणजे आपल्या जयंतीच्याच दिवसांत येतं. तीन दिवस सुट्टी. विहारात वाळूचे छोटे स्तूप रचतात, वडीलधाऱ्यांना पाण्यानं न्हाऊ घालतात, आणि मग खेळ. एक आहे छूंग: चौकडीच्या पंच्याचा चेंडू बांधून मुलं आणि मुली समोरासमोर उभं राहून एकमेकांना फेकून मारतात. ज्याला लागेल त्यानं नाचायचं. एकात पिळलेला पंचा घेऊन वर्तुळाभोवती पळतात आणि गुपचूप कुणाच्या तरी पाठीमागे टाकतात, हुबेहूब आपलं "मामाचं पत्र हरवलं". घारीपासून पिल्लं वाचवणारी कोंबडीही आहे, रस्सीखेचही आहे. पण तुमच्या दोन्ही संघांचं मिळून वय सातशेच्या घरात जात असेल, तेव्हा पळापळ नको. तुमची गारंबीच बरी. इथे तिला अंगकुञ म्हणतात.

नियम: दोन संघ, मधे वीस पावलं. प्रत्येकानं आपल्या बाजूला पाच बिया मातीत उभ्या रोवायच्या. आळीपाळीनं बी फेकून समोरच्यांच्या पाडायच्या. ज्यांच्या पाचही आधी पडतील ते हरले. मग शिक्षा. हरलेल्यांनी गुडघे पुढे करून बसायचं. जिंकलेल्यांनी दोन बिया एका मुठीत एकमेकींना चिकटवून गुडघ्यावर ठोकायच्या. बिया एकमेकींवर आपटून "टॉक" असा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर हसं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा शेवटचा नियम: ठोकून झालं की हरलेल्या संघाच्या प्रमुखानं एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायचं, आणि जिंकलेल्या प्रमुखानं समोर बसून ते पूर्ण ऐकायचं. मधेच उठता येत नाही.

म्हणजे काय करायचं ते तुम्हाला कळलंच असेल. आजीचं गाणं ऐकायचं असेल तर जिंका.

आणि एक विचारू? त्या दिवशी घंटा का वाजवलीत? आजी सांगते त्यावर माझा अर्धाच विश्वास आहे.

तुमची,
वृषाली


सिएम रीप,
२४ एप्रिल २०२४

प्रिय आजीस,
जयभीम.

मंडळातल्या सम्राटकाकाकडून तुला बायकांच्या संघाचं कळलं असेलच. खेळ असा: पाच बिया रोवायच्या, वीस पावलांवरून पाडायच्या, हरलेल्यांच्या गुडघ्यांवर दोन बिया "टॉक" अशा ठोकायच्या.

शेवटचा नियम नीट वाच. ठोकून झालं की जिंकलेल्या संघाच्या प्रमुखानं माईकवर एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायचं. हरलेल्या प्रमुखानं गुडघे तसेच पुढे ठेवून समोर बसून ते ऐकायचं. शिट्टी, टाळी, घंटा काहीही वाजवायचं नाही.

तू लहानपणी गोट्यांत अख्ख्या आळीला रडवायचीस, असं बाबा सांगतात. बघ जमतंय का.

मामाआजोबांना हे सांगायच्या भानगडीत पडू नकोस. त्यांना मी नियम वेगळे कळवले आहेत.

तुझी,
वृषू


केडगाव,
३० एप्रिल २०२४

चि. वृषालीस आजीचा जयभीम.

तुजं पत्र सम्राटनं मोबाईलवर दावलं, बोटानं मोठं करून वाचलं. त्यो टेम्पो लावून दारातच उभा ऱ्हायला, म्हनला, काकू, जबाब लिवा, मी फोटू काढून धाडतो. म्हनून लिवते. लिवायला मला दादानंच शिकवलं, त्ये मी काय नाकारत न्हाई. पन शिकवलं म्हनून चारचौघांत घंटा वाजवायची व्हय? त्या दिवशी पाहुना चाळीस मिनटं बोलला. माईक तापला, मानसं झोपली, पन घंटा काय वाजली न्हाई. आन मी तिसऱ्या कडव्याला आले की ट्रिंग! जनू काय वर्गातली पोरगी बाकावर हुभी केली हुती.

आसू दे. खेळ मला लई आवडला.

बिया आल्या. मास्तरांचा जुना इद्यार्थी हाय भंडारदऱ्याला, सहादेव, त्यानं पिशवीभर धाडल्या. मास्तरांनी निम्म्या आमास्नी दिल्या, सम्राटच्या हाती. फुगीर फुगीर समद्या आमच्या वाट्याला, आन चपट्या, नीट उडनाऱ्या, त्यांच्याकडं. म्हनं वाटनी डोळं झाकून केली. डोळं झाकून चपट्या बऱ्या घावल्या! पन त्यास्नी काय ठावं, फुगीर बी जमिनीवर पडली की घरंगळत जाती आन बाजूला ऱ्हायलेली पन पाडती.

मी आन शेजारची लंकाबाई रोज सकाळी तिच्या अंगनात सराव करतो. तिच्या मालकाचा बूट ठिवतो वीस पावलांवर. बूट हलला की एक गुन. मालक कामाला चपला घालून जातो.

गानं मी त्येच म्हननार हाय, अर्धं ऱ्हायलेलं. आन त्यानं समोर बसून ऐकायचं, गुडघं पुढं करून. बोलनार मातर न्हाई मी. काय सांगायचं आसंल त्ये सम्राटला सांगंन, सम्राट त्याला सांगंल.

जेवत जा. तिथलं मासं काटं काढून खा.

तुजी आजी,
विमल


भिंगार,
४ मे २०२४

चि. वृषालीस,
सप्रेम जयभीम.

सराव जोरात आहे. गच्चीवर पाच बिया मातीच्या कुंडीत रोवतो आणि वीस पावलांवरून फेकतो. गच्ची सतरा पावलांचीच आहे; उरलेली तीन पावलं मी मनात चालतो. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त सुभेदारसाहेबांनी परवा वर येऊन विचारलं, "मास्तर, रोज सकाळी छतावर कोण येतं?" मी म्हटलं, "माकडं." त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, बी पाहिली, आणि म्हणाले, "आज एकच दिसतंय."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देणार नव्हतो. दोन दिवस कागद समोर घेऊन बसलो, मग लिहायला घेतलं. वाचून फोटो पुसून टाक.

विमलचं गाणं मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकत होतो. सुरुवात अशी:

पाटी दिली हातात बाई, काळी काळी रात गं
पेन्सिलीची रेघ ओढली, उजाडलं त्यात गं

चौतीस वर्षं मी पोरांना कविता शिकवल्या. पण पाटीला रात्र म्हणायचं मला कधी सुचलं नाही. दुसरं कडवं झालं. मग तिसऱ्याला तिनं तोंड उघडलं आणि दुसऱ्याचीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा एकदा म्हटली. लोकांना वाटलं, पालुपद आहे. मी मात्र तिचा हात पाहिला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. लहानपणी पाढे विसरली की असंच करायची.

वर्गात पोरगं कविता म्हणताना अडलं, त्याचे कान लाल झाले, की मी घड्याळ बघायचो आणि म्हणायचो, "वेळ झाली, बस खाली." पोराला वाटायचं, वेळ संपली म्हणून राहिलं. विसरलं हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही, कधी कधी त्याच्याही नाही. त्या दिवशी हात आपोआप घंटेवर गेला. दुसरं काही सुचलंच नाही.

ती स्टेजवरून उतरली ती तरातरा निघूनच गेली. आता तिला कारण सांगायचं तर "तू विसरलीस आणि मला दिसलं" असं सांगावं लागेल. ते मी सांगणार नाही. त्यापेक्षा रागावलेली बरी.

पण बोलावं गं तिनं. रागानं का होईना.

हे तिला कळवू नकोस.

तुझा,
मामाआजोबा


सिएम रीप,
९ मे २०२४

ती. मामाआजोबांस,
जयभीम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि मग सांगितल्याप्रमाणे पुसलं. आजीला एक अक्षर कळणार नाही.

मला मात्र आता थोडी भीती वाटतेय. कशाची, ते पौर्णिमेनंतर सांगते. तोवर एकच काम करा: मी पाठवलेल्या नियमांच्या पत्राची प्रिंट काढून त्या दिवशी खिशात ठेवा. आजीलाही मी हेच कळवतेय. आणि दोघांत कितीही वाद झाला तरी मैदान सोडून जाऊ नका.

गुडघ्यांना तेल लावून जा.

तुमची,
वृषाली


भिंगार,
२५ मे २०२४

कु. वृषाली,

"चि." लिहिलेलं नाही, याची नोंद घे.

बुद्धपौर्णिमा पार पडली. वंदना झाली, खीर वाटून झाली, आणि साडेपाचला ऊन भिंतीमागे गेल्यावर आम्ही आवारात उतरलो. गर्दी म्हणशील तर कंपाउंडवरसुद्धा माणसं बसली होती. सम्राटनं माईक हातात घेतला आणि "कंबोडिया देशाचा प्राचीन खेळ" असं तीनदा म्हणाला. त्यातलं प्राचीन काय नि तुझ्या डोक्यातलं काय, ते त्याला बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार.

माझ्या पहिल्या फेकीला एक बी पडली. टाळ्या. दुसरी फेक खिरीच्या पातेल्याला लागली. त्यालाही टाळ्या. मग विमल पुढे आली. पदर खोचला, एक डोळा मिटला. थेट तुझ्या व्हिडिओतली म्हातारी! तिनं एकटीनं तीन पाडल्या. फुगीर बिया अशा घरंगळत येत होत्या की जणू त्यांना घरचा पत्ता ठाऊक होता. (वाटणी मी खरोखर डोळे झाकून केली होती. एक डोळा तरी.) आम्ही हरलो.

गुडघे पुढे करून बसलो. विमलनं मुठीत दोन बिया धरल्या. पहिला ठोका, आवाज नाही. लोक हसले. दुसऱ्याला "टॉक!" तो बियांचा होता की माझ्या गुडघ्याचा, हे अजून ठरलेलं नाही.

आता ऐक. तुझ्या नियमाप्रमाणे हरलेल्यानं गायचं, म्हणून मी उठून माईककडे गेलो. दोन रात्री जागून एक निसर्गकविता पाठ केली होती, चालीसकट. पाहतो तर विमलही माईककडे! दोघांचे हात एकदमच माईकवर.

ती सम्राटला म्हणाली, "सम्राट, तुज्या मास्तरांना सांग, खाली बसा. जितलेल्यानं गायचं आसतं."

सम्राट माईकवर म्हणाला, "मास्तर, खाली बसा, जिंकलेल्यानं गायचं असतं."

मी म्हटलं, "सम्राट, आमच्या भगिनींना सांग, नियम वाचल्याशिवाय बोलू नये. हरलेला गातो."

"काकू, नियम वाचल्याशिवाय बोलू नये."

"त्यांना सांग, म्या धा वेळा वाचलाय!"

"मास्तर, दहा वेळा वाचलाय."

"तिला म्हणावं, अकराव्यांदा वाच, मोठ्यानं!"

असं पाच-सहा फेऱ्या झाल्या. लोक टेनिसच्या मॅचसारखी मान फिरवत होते. शेवटी सम्राटनं माईक बगलेत धरला आणि म्हणाला, "मी टेम्पो चालवतो, पोस्ट चालवत नाही. काय कागद आहेत ते द्या इकडं." मी खिशातली प्रिंट काढली. तिनं कमरेच्या पिशवीतून तिची काढली. सम्राटनं दोन्ही पत्रं माईकवर वाचली. अक्षर एक, तारीख एक, आणि शेवटचा नियम एकदम उलटा. मग कंपाउंडवरून लंकाबाईचा मालक हसला, आणि त्याच्या मागोमाग सगळे.

विमल कागदाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. सम्राटकडे नाही, माझ्याकडे.

"दादा, ही कार्टी गेलीय कुनावर रं?"

पाच वर्षांत मी या क्षणासाठी काय काय वाक्यं योजून ठेवली होती! एकही आठवलं नाही. म्हटलं, "तुझ्यावर."

"माज्यावर? खोटं नियम लिवायचं डोकं मास्तराचं आसतं!"

"गोट्यांत कोण लबाडी करायचं?"

"आन चपट्या बिया कुनी लपिवल्या?"

भांडण सुरू झालं, वृषाली. नीट, समोरासमोर, मधे माणूस न घालता. मला मधेच चष्मा पुसावा लागला.

मग लोकांनीच "काकू, गाणं!" असा गलका केला. विमलनं ते गाणं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, कुठेही न अडखळता म्हटलं. काय गळा, काय स्मरण! मी समोर बसून नुसता ऐकत होतो, एक शब्दही बोललो नाही. व्हिडिओ मागू नकोस. ऐन गाण्याच्या वेळी सम्राटच्या मोबाईलची बॅटरी गेली.

तुझ्यावरचा राग कायम आहे. घरी आलीस की गुडघे तयार ठेव.

तुझा,
जालिंदर मामाआजोबा


केडगाव,
२७ मे २०२४

चि. वृषालीस आजीचा जयभीम.

काल तू मोबाईलवर माफी मागितलीस, ती पोचली. दादानं तुला काय लिवलं त्ये पन मला ठावं हाय. त्यानं पत्र धाडायच्या आदी मला वाचून दावलं, घरी येऊन. रविवारी येऊन जेवला बी. दोन भाकरी खाल्ल्या आन म्हनला, मीठ जास्त झालं. बोलायला लागला की आसा बोलतो.

बॅटरी-बिटरी काय गेली न्हवती. त्यानं सम्राटला तेवढा भाग पुसायला लावला. मला लंकाबाईनं सांगितलं. का पुसला, त्ये तुला सांगते, कारन तू पन आमाला आसंच गंडवलंस, तवा तुज्या पोटात गुपित ठिवायला हरकत न्हाई.

मी गायला हुभी ऱ्हायले. दोन कडवी झ्याक झाली. तिसऱ्याला आले आन पोरी, समदं कोरं! पाच वर्सांमागं झालं हुतं तसंच. तोंडाम्होरं माईक, समोर आख्खं केडगाव, आन डोक्यात चिमनी पन उडंना. माजा हात पदराकडं गेला. बगितलं तर दादा माज्या हाताकडंच बगत हुता.

आन त्यो उठला. ठोकलेलं गुडघं धरून उठला. घंटा न्हवती तिथं, कुनी ठिवलीच न्हवती. हुभा ऱ्हाऊन मोठ्यानं म्हनला, आपल्या शाळंतल्या चालीवर:

"ज्ञानाचा तो सूर्य उगवला, किरणे पसरली भूवरी!"

मला आसा राग आला! सूर्य? माज्या गान्यात? मी माईकवरच म्हनले, "दादा, सूर्य-बिर्य काय न्हाई त्यात! इळा हाय, इळा!" आन इळा म्हनताच फुडचं समदं धडाधडा आलं:

इळा खोवला कुडात बाई, पेन घेतला हाती गं
अंगठ्याच्या शाईची आता झाली पार माती गं

तिसरं म्हनलं, चवथं म्हनलं, शेवटाला गेले. लोकांस्नी वाटलं, आमी भावा-बहिनीनं ह्ये बसवून आनलंय. टाळ्याच टाळ्या. दादा खाली बसला आन त्वांड पुसायला लागला.

तवा मला पाच वर्सांमागचं दिसलं. टेबलाशी बसलेला त्यो, माज्या हाताकडं बगनारा. आन मी येडी, त्या दिवशी खरं म्हनशील तर घंटा वाजली तवा मनात म्हनले हुते, बरं झालं बाई, सुटले. पन घरी जाऊन समद्यांनी इचारलं, गानं अर्धं का सोडलं, तवा काय सांगू? इसरले म्हनू? दादानं घंटा वाजवली म्हनले. एकदा म्हनले, मग त्येच खरं वाटाय लागलं. पाच वर्सं त्यानं त्ये तसंच अंगावर घेतलं.

त्यानं पत्र वाचून दावलं, "कुठेही न अडखळता" ह्या शब्दाला जरा थांबला, चष्म्यावरून माज्याकडं बगितलं. मी म्हनले, "व्हय की, न अडखळताच गायले मी." त्यो म्हनला, "तेच लिहिलंय." ऱ्हाऊ दे तसंच. तू पन त्यालाच खरं मान.

आता आषाढीपौर्णिमेला इहारात परत गानी हायेत. वर्षावासाला सुरवात आसती, त्या दिवशी. मी नवं रचतेय. आन तुला म्हनून सांगते, मला त्ये चांगलं पाठ झालेलं हाय. पन मधली एक वळ मी इसरनार हाय. मुद्दाम. दर गान्यात एक इसरायची आसं ठरिवलंय. तिथं दादा कसली वळ जोडतो, त्ये ऐकायला लई मजा येती.

तुजी आजी,
विमल